जयस्तंभ ते सोनाखान

रायपूरचा जयस्तंभ चौक नीट पाहायचा असेल, तर सकाळी सहाच्या आत तिथं पोहोचायला हवं. एकदा का जी. ई. रोडवरून रिक्षा, बस आणि दुचाक्यांचा लोंढा सुरू झाला, मालवीय रोडची दुकानं उघडली, की मधला स्तंभ नुसता वळसा घालायची खूण होऊन राहतो. मी डिसेंबरात गेलो होतो. चांगलीच थंडी होती. चहाच्या टपरीवाल्याने नुकतीच शेगडी पेटवली होती आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे रस्त्यावरच सोडवले जात होते. मी पेला हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.

१० डिसेंबर १८५७ रोजी सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना इथे फाशी दिलं, असं रायपूर मानतं. छत्तीसगड त्यांना आपला पहिला हुतात्मा म्हणतं. नवा रायपूरमधलं क्रिकेटचं आंतरराष्ट्रीय स्टेडियम त्यांच्या नावाचं आहे आणि तिथलंच आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचं संग्रहालयही. महाराष्ट्रात मात्र सत्तावनचं बंड म्हटलं की झाशी, कानपूर, बिठूर आणि ग्वाल्हेर एवढीच नावं निघतात. वरसईचे गोडसे भटजी यज्ञाच्या दक्षिणेसाठी उत्तरेत गेले आणि ऐन धामधुमीत सापडले. त्यांच्या 'माझा प्रवास'ने आपल्याला झाशीची वाट दाखवली आणि आपण अजून त्याच वाटेने जातो. रायपूरची वाट दाखवणारा कुणी भटजी आपल्याला मिळाला नाही. वास्तविक नागपूरहून रायपूर तीनशे किलोमीटरही नाही.

चौकातून शारदा चौक ओलांडून पायी निघालं की तात्यापारा लागतो. माझी आत्या तिथं राहते. लग्न होऊन रायपूरला आली त्याला पन्नास वर्षं झाली, त्यामुळे तिच्या मराठीत वऱ्हाडीपेक्षा छत्तीसगढीच जास्त ऐकू येते. मी सकाळी कुठे गेलो होतो ते सांगितल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "हात जोडलेस ना रे?" मी जोडले नव्हते. खरं सांगायचं तर रहदारीच्या चौकात हात जोडायचे असतात हे माझ्या मनातच आलं नव्हतं. ती काही बोलली नाही. आत जाऊन आतोबांचा टपाल तिकिटांचा जुना अल्बम घेऊन आली.

अल्बमच्या मधल्या पानावर १९८७ साली टपाल खात्याने नारायणसिंहांवर काढलेलं तिकीट होतं. गोंद पिवळा पडला होता आणि एक दात तुटला होता. तिकिटावर नारायणसिंह तोफेसमोर बांधलेले दिसतात. रायपुरात अनेकांच्या मनात तेच चित्र आहे: त्यांना तोफेच्या तोंडी दिलं. सत्तावनमध्ये इंग्रजांनी ही शिक्षा पेशावरपासून अनेक ठिकाणी दिलेली होती, तेव्हा हे चित्र काही हवेतून आलेलं नाही. इंग्रजांच्या सरकारी कागदांत मात्र फाशीच आहे, आणि तीही उभ्या केलेल्या फौजेसमोर. फौजेसमोर दिलेली फाशी चौकात झाली की परेडच्या मैदानावर, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला विचाराल तर माणूस, तारीख आणि शहर नक्की आहे. शंभर पावलं इकडे की तिकडे यासाठी मी हात जोडायचे थांबणार नाही. पण तोफ आणि फास यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. त्यांचा मृत्यू होता त्याहून भयंकर करून सांगण्याची गरज नाही. खटल्याचा देखावा, लष्करी शिस्त, पहाटेची परेड आणि दोर, एवढंही पुरेसं भयंकर आहे.

आता मूळ गोष्ट. सोनाखान ही महानदीपलीकडच्या जंगलातली लहानशी जमीनदारी. नारायणसिंह बिंझवार आदिवासी. जन्म १७९५चा, म्हणजे सत्तावनमध्ये त्यांनी साठी ओलांडलेली होती. त्यांच्या कबऱ्या घोड्याच्या आणि माणसं खाणाऱ्या वाघाला त्यांनी मारल्याच्या कथा त्या भागात अजून सांगतात. १८५६ साली पाऊस गेला. भात उभा वाळला. आदिवासी कंदमुळांवर आले. कसडोलचा व्यापारी माखन याच्या कोठारात मात्र धान्य भरलेलं होतं. नारायणसिंहांनी आधी उधार मागितलं, पुढच्या पिकावर फेडीन म्हणाले. व्यापाऱ्याने नकार दिला. मग त्यांनी कोठार फोडलं आणि धान्य उपाशी रयतेत वाटलं.

यानंतर त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात मोठं वाटतं. त्यांनी रायपूरच्या डेप्युटी कमिशनरला स्वतःहून कळवलं की असं असं झालं, धान्य मी काढलं आणि लोकांना दिलं. चोरी करणारा माणूस पत्र धाडत नाही. आपण जे करतो आहोत तो आपला धर्म आहे, राज्यकर्त्यालाही तो समजेल, असं त्या जमीनदाराला वाटत असणार. डेप्युटी कमिशनर चार्ल्स इलियट याने व्यापाऱ्याची फिर्याद धरली आणि दरोड्याचा गुन्हा लावला. २४ ऑक्टोबर १८५६ रोजी नारायणसिंहांना संबलपूरला पकडलं आणि रायपूरच्या तुरुंगात आणून टाकलं.

इलियट रायपुरात कसा आला, हे सांगताना मराठी माणसाला थोडं आपल्या घरातलंही बोलावं लागतं. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर रतनपूरवर चालून गेले आणि तिथल्या हैहयवंशी राजाने फारशी लढाई न करता मान तुकवली. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून थेट कारभार पाहू लागले. त्यांनी टेकडीवर राममंदिर बांधलं, त्या टेकडीला रामटेकाची आठवण म्हणून रामटेकरी म्हणतात. दसऱ्याला सोनं लुटायची चाल तिथं त्यांच्या वेळेपासून सुरू झाली आणि कारभारात मोडी आली. १७८७ ला बिंबाजी गेले. त्यानंतर नागपूरहून सुभेदार येऊ लागले: महिपतराव दिनकर, विठ्ठलराव दिनकर, केशव गोविंद आणि पुढचे. नागपूरला बसलेल्या राजाला छत्तीसगडातून हवा होता तो पैसा. सुभा लिलावासारखा दिला जायचा आणि सुभेदार तो रयतेकडून वसूल करायचा. हा कारभार चांगला नव्हता, हे मराठीत स्पष्ट लिहायला हवं. नारायणसिंहांचे वडील रामराय यांनी १८१८-१९ च्या सुमारास बंड केलं ते इंग्रजांविरुद्ध, आणि भोसल्यांविरुद्धही.

इंग्रज तिथे पोहोचले ते नागपूरच्याच रणांगणावरून. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाई झाली. अप्पासाहेब भोसल्यांची फौज कितीतरी पट मोठी होती. लहान टेकडी त्या फौजेतल्या अरब शिपायांनी जिंकलीही होती. पण तिथेच दारूगोळ्याचा स्फोट झाला, इंग्रजांच्या घोडदळाने मैदानात धाव घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं उलटलं. त्या पराभवानंतर छत्तीसगडावर इंग्रज सुपरिंटेंडेंट आले. कर्नल अॅग्न्यूने मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं आणि आजचं रायपूर खरं तिथून वाढलं. मधे १८३० ते १८५४ राज्य पुन्हा भोसल्यांकडे गेलं. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारसाशिवाय वारले आणि डलहौसीने नागपूर खालसा केलं. त्याबरोबर छत्तीसगडही कंपनीकडे गेलं.

सीताबर्डीचा किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे आणि वर्षातून काही ठरावीक दिवशीच लोकांना आत सोडतात. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला आत सोडतात तेव्हा जरूर जा. आत इंग्रजांच्या कबरी आहेत आणि सत्तावनमध्ये तिथे फाशी गेलेल्यांची जागाही आहे. नागपूरचं बंड १३ जून १८५७ ला व्हायचं ठरलं होतं, ते आधीच फुटलं. घोडदळाची हत्यारं काढून घेतली, कामठीचे मद्रासी पलटणवाले इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. आणि भोसल्यांच्या राजवाड्यातल्या ज्येष्ठ राणी बाकाबाईसाहेबांनी आपल्या नातलगांना आणि सरदारांना बजावलं की कुणी इंग्रजांविरुद्ध हात उचलायचा नाही. त्यांनी वय, अनुभव आणि घराण्याची काळजी पाहून तसं केलं असेल. मी त्यांना दोष द्यायला बसलेलो नाही. पण नागपूरचा वाडा गप्प राहिला. आणि त्याच वाड्याच्या जुन्या सुभ्यात, जिथून वर्षानुवर्षं नुसती वसुली झाली होती, तिथल्या एका म्हाताऱ्या बिंझवार जमीनदाराने तलवार काढली. रायपूरला जाताना मराठी प्रवाशाच्या मनात हे असायला हवं, असं मला फार वाटतं.

२८ ऑगस्ट १८५७ रोजी नारायणसिंह तीन सोबत्यांसह रायपूरच्या तुरुंगातून निसटले. पलटणीतल्या शिपायांची मदत होती असं सांगतात. दिल्ली तेव्हा अजून बंडवाल्यांच्या हातात होती. सोनाखानला पोहोचून त्यांनी पाचशे माणूस उभं केलं. हत्यारं बहुतेक तोड्याच्या बंदुका, तलवारी आणि धनुष्यबाण. जंगलाच्या वाटा त्यांनी अडवल्या. नोव्हेंबरात इंग्रज अधिकारी स्मिथ त्यांच्यावर चालून जायला रायपूरहून निघाला.

मी दुसऱ्या दिवशी आतेभावाच्या गाडीने सोनाखानला गेलो. बलौदाबाजारपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे कारखाने, झाडांच्या पानांवर राखाडी थर. महानदीचा पूल ओलांडला आणि कसडोल आलं. तेच कसडोल. आतेभावाने गाडी बाजारात थांबवली, आम्ही फरा खाल्ला, आणि मी धान्याच्या दुकानांकडे पाहत राहिलो. पोत्यांच्या थप्प्या, वजनकाटा. हंगाम नुकताच संपलेला, धान भरलेल्या ट्रॉल्या रांगेत उभ्या. एवढं धान्य डोळ्यांसमोर असताना भुकेची कल्पना करणं जड जातं.

कसडोलच्या पुढे जंगल दाट होत जातं. साल, साग, बांबू. याच पट्ट्यात बारनवापारा अभयारण्य आहे, आणि गुरू घासीदासांचं गिरौदपुरीही इथून जवळच. सतनामी समाजाचा तिथला जैतखांब कुतुबमिनारापेक्षा उंच आहे आणि दुरून पांढरा दिसतो. सोनाखान मात्र साधं खेडं आहे. स्मारक आहे, नारायणसिंहांचा पुतळा आहे, दर १० डिसेंबरला मोठा मेळावा भरतो. आम्ही पोहोचलो तेव्हा मेळावा उरकून दोनच दिवस झाले होते. मांडवाचे बांबू अजून उभे होते आणि जमिनीवर झेंडूच्या पाकळ्या सुकत होत्या. एक म्हातारी झाडूने त्या गोळा करत होती. आतेभावाने तिला छत्तीसगढीत विचारलं, नारायणसिंहांची माणसं ज्यावर गेली तो कुर्रूपाटचा डोंगर कुठला? तिने झाडू न सोडता मानेने दाखवला.

डोंगर उंच नाही. आपल्याकडचे गड पाहिलेल्या माणसाला तो डोंगर वाटणारही नाही. ना तट, ना बुरूज, ना दरवाजा. वर कुर्रूपाट देवाचं ठाणं आहे आणि नारायणसिंह त्याचे भक्त होते. झाडी, खडक आणि पाऊलवाट. आपल्याला रणभूमी म्हणजे पावनखिंड किंवा पानिपत असं काहीतरी दिसायला हवं असतं. इथे दिसतं ते इतकंच की या झाडीत शंभर माणसं लपू शकतात आणि खालून येणाऱ्याला एकही दिसणार नाही. वाट एवढी अरुंद आहे की आम्ही दोघे एकामागे एक चाललो. अर्ध्या वाटेवर दगडावर बसलो तेव्हा लक्षात आलं की खालचं गाव संपूर्ण नजरेत येतं, घरांची छपरं मोजता येतात.

हे मुद्दाम सांगतो, कारण स्मिथने गावच जाळलं. तो सोनाखानला पोहोचला तेव्हा गाव रिकामं होतं. माणसं डोंगरावर गेली होती. त्याच्या बाजूला कटंगी, भटगाव, बिलाईगड इथले जमीनदार होते, आणि सगळ्यात उपयोगाचा देवरीचा महाराजसाय, जो नारायणसिंहांच्या नात्यातलाच होता. वाटा त्याला ठाऊक होत्या. डोंगरावर बसलेल्यांनी आपली घरं जळताना पाहिली असतील, मी बसलो होतो तिथूनच किंवा जवळपासून. धूर दिसला असेल, ज्वाळाही. नवं धान घरात आलेलं होतं, तेही जळालं असणार. लढत राहिलं तर पुढचं गाव, मग त्याच्या पुढचं. २ डिसेंबरला नारायणसिंह स्वतः खाली आले आणि स्मिथच्या हवाली झाले. धान्यासाठी कोठार फोडणाऱ्या माणसाने रयतेच्या घरांसाठी तलवार ठेवली, असंच मी याकडे पाहतो. त्यांना पराभूत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुढचं फार झपाट्याने झालं. रायपूरला आणलं, खटला चालवला, आणि १० डिसेंबरला फाशी. त्याच आठवड्यात, ६ डिसेंबरला, कानपूरला तात्या टोप्यांचा पराभव झाला होता. पुढे नारायणसिंहांचा मुलगा गोविंदसिंह कैदेतून सुटल्यावर संबलपूरच्या सुरेंद्र साय यांच्या मदतीने देवरीवर चालून गेला आणि त्याने महाराजसायला मारलं, असं छत्तीसगडच्या इतिहासात लिहितात. सोनाखान या नावातलं सोनं खोटं नाही. २०१६ साली जवळच्या बाघमारा इथल्या सोन्याच्या खाणपट्ट्याचा लिलाव झाला आणि देशात अशा तऱ्हेने सोन्याची खाण लिलावात जाण्याची ती पहिली वेळ होती.

रायपूरला परतताना आतेभाऊ म्हणाला, "दादा, पोलीस मैदान पाहिलंत का?" मी नाही म्हटलं. बाहेरून आलेले बहुतेक लोक जयस्तंभाशीच थांबतात. म्हणून या गोष्टीच्या दुसऱ्या भागाबद्दल लिहितो.

नारायणसिंहांची फाशी पाहायला जी फौज उभी केली होती, तीत तिसऱ्या पलटणीचे देशी शिपाई होते. ही पलटण नागपूरच्या इर्रेग्युलर फौजेतली. तिच्यात हनुमानसिंह नावाचा मॅगझिन लस्कर, म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारावरचा माणूस होता, बैसवाड्याचा राजपूत. १८ जानेवारी १८५८ च्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तो सार्जंट मेजर सिडवेलच्या घरात शिरला आणि तलवारीने त्याला ठार केलं. मग छावणीत जाऊन त्याने बंडाची हाक दिली. काही शिपाई निघाले, बाकीचे घुटमळले. तोफा ताब्यात होत्या, पण पलटण सगळी उठली नाही. सहा-सात तास रायपूरची छावणी या मूठभर माणसांच्या हातात होती. मग दारूगोळा संपत आला, इंग्रज अधिकारी इतर शिपाई घेऊन आले, आणि सतराजण पकडले गेले. चौकशी चार दिवसही चालली नाही. २२ जानेवारीला त्या सतराजणांना सगळ्यांसमोर फाशी दिलं, आजच्या पोलीस मैदानाच्या जागी.

त्या सतरांतला गाझी खान हवालदार होता. अब्दुल हयात, ठाकूरसिंह, पन्नालाल, मातादीन, अकबर हुसेन, परमानंद, शोभाराम, दुर्गाप्रसाद, नझर मोहम्मद, देवीदीन, शिवनारायण आणि त्यांचे सोबती. ही नावं मी मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा आत्या म्हणाली, "यांतलं छत्तीसगडचं कुणीच नाही वाटतं." बरोबर आहे. हे बहुतेक अवधच्या बाजूचे, पोटासाठी पलटणीत आलेले. एका आदिवासी जमीनदाराला फासावर चढताना त्यांनी हत्यार खांद्याला लावून पाहिलं होतं, आणि त्यानंतर सहा आठवडेसुद्धा ते शांत राहू शकले नाहीत.

मैदानावर मी गेलो तेव्हा पोलिसांची परेड चालू होती. बुटांचा ठेका, शिट्टी, धुळीचा वास. दारावरच्या शिपायाने अदबीने आत जायला मनाई केली आणि मी रस्त्यावरूनच पाहिलं. या वेळी हात जोडले.

नागपूरहून हावडा मार्गाची कुठलीही गाडी पकडली तर गोंदिया, दुर्ग करत काही तासांत रायपूर येतं. दुसऱ्या कामाने गेलात तरी एक सकाळ जयस्तंभासाठी ठेवा, आणि जमलं तर एक दिवस सोनाखानसाठी. मुलांना घेऊन जा. रायपुरात महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून आहे आणि तात्यापाऱ्यातले लोक वाट दाखवायला हौसेने पुढे येतात. कसडोलला थांबून धान्याचा बाजारही पाहा, कारण सगळ्याची सुरुवात तिथून झाली.

हनुमानसिंह बंडाच्या त्या रात्री अंधारात निघून गेला. त्याला पकडून देणाऱ्याला इंग्रजांनी ५०० रुपयांचं इनाम लावलं होतं. तो शेवटपर्यंत सापडला नाही.